हो असेल तर डोळे मिटा

आमच्या वॉर्डात गळ्यात नळी बसवलेले पेशंट कायम असायचे. जबडा फुटलेला, तोंड सुजून बंद झालेलं, श्वासाला वाट नाही, म्हणून मानेत पुढून छेद देऊन घातलेली ती नळी. ट्रॅकिओस्टॉमी. आम्ही नुसतं ट्रॅकिओ म्हणायचो. हवा नळीतूनच आत-बाहेर होते, वर स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही, म्हणून आवाज निघत नाही. अशा माणसाशी बोलायची आमची एक रीत होती. त्याच्यावर वाकायचं, चेहरा त्याच्या नजरेसमोर न्यायचा आणि सांगायचं, "हो असेल तर डोळे मिटा, नाही असेल तर उघडे ठेवा." दुखतंय का? कूस बदलून देऊ का? घरच्यांना आत बोलावू का? आणि प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा, हा दंडक होता. कारण पापणी आपोआपही लवते. आपण तिला 'हो' समजून बसलो तर पेशंटला खोडून काढता येत नाही.

'द रेव्हनंट' या सिनेमात नेमका हा प्रसंग आहे. ह्यू ग्लास अस्वलाने फाडलेला, काठ्यांच्या स्ट्रेचरला बांधलेला, घसा फाटल्यामुळे मुका. त्याच्याजवळ बसवलेला फिट्झजेराल्ड त्याच्या कानाशी लागतो. तुझ्यापायी तुझा पोरगाही मरेल, मी तुला लवकर मोकळं करतो, तुझी तयारी असेल तर फक्त डोळे मिट. एवढं बोलून तो बघत बसतो. ग्लास डोळे उघडे ठेवतो. ठेवतो, ठेवतो, डोळ्यांत पाणी साचतं, बुबुळं थरथरतात. आणि शेवटी ते मिटतात. फिट्झजेराल्ड त्याचं तोंड दाबायला लागतो.

मी आयुष्यभर केलेलं काम त्या दृश्यात दुसऱ्याच कामासाठी वापरलेलं पाहिलं आणि अंगावर काटा आला. 'सूडाचा सिनेमा' अशीच याची ओळख करून दिली जाते. बर्फातला पाठलाग, मारामारी, मेलेल्या घोड्याच्या पोटात शिरून काढलेली रात्र, याच्याच गप्पा होतात. मला मात्र यातला खरा गुन्हा उशाशी घडलेला दिसतो. मरणाऱ्याजवळ बसायचं काम एका माणसाने पैसे घेऊन पत्करलं आणि ते केलं नाही. पुढचे दोन तास म्हणजे त्याचा हिशेब.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. साल १८२३. अमेरिकेतल्या मिसुरी नदीच्या वरच्या अंगाला बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याची कातडी गोळा करायला गेलेली गोऱ्या शिकाऱ्यांची एक टोळी. तिथले मूळ रहिवासी अरिकारा लोक हल्ला करतात, बरीच माणसं मरतात, उरलेले डोंगरातून पायी निघतात. रस्ता माहीत असलेला माणूस म्हणजे ग्लास, आणि त्यालाच पिलं असलेली अस्वलीण गाठते. कप्तान हेन्री त्याला टाके घालतो, स्ट्रेचरवर वाहून नेतो. पण चढ लागतो आणि झेपत नाही. मग तो म्हणतो, याचा जीव जाईपर्यंत कोणीतरी थांबा, नीट मूठमाती द्या, थांबणाऱ्याला पैसे मिळतील. ग्लासचा पोरगा हॉक थांबणारच. जिम ब्रिजर हा कोवळा मुलगा आपण होऊन थांबतो. आणि वाटेत टाकून द्याव्या लागलेल्या कातड्यांचं नुकसान भरून निघेल म्हणून फिट्झजेराल्ड थांबतो. तो हॉकला ग्लासच्या डोळ्यांदेखत मारतो, ब्रिजरला खोटं सांगून घाबरवतो, ग्लासला अर्धवट पुरतो आणि निघून जातो. ग्लास त्या खड्ड्यातून सरपटत बाहेर येतो.

दिग्दर्शक अलेहांद्रो इन्यारितू, ग्लास म्हणजे लिओनार्दो डिकॅप्रिओ, फिट्झजेराल्ड म्हणजे टॉम हार्डी. २०१६ मध्ये याला दिग्दर्शन, अभिनेता आणि छायाचित्रण अशी तीन ऑस्कर मिळाली. त्या वर्षी तो नागपूरला लागला होता, पण ड्युटीच्या पाळ्यांत राहून गेला. यंदा मे महिन्यात भाच्याने माझ्याकडे मानेवाड्याला येऊन टीव्हीवर लावून दिला. "मावशी, अस्वल आहे यात, बघशील ना?" असं त्याने आधी विचारून घेतलं. बाहेर पंचेचाळीसची दुपार, कूलर चालू आणि पडद्यावर सगळीकडे बर्फ. कूलर बंद करून पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं, कारण या सिनेमात श्वास ऐकू यायला पाहिजे.

अस्वलाचं आधी सांगते. विदर्भात राहणाऱ्याला अस्वलाची फार ओळख करून द्यायला नको. वाघाच्या बातम्या जास्त होतात, पण मोहाच्या दिवसांत आमच्या वॉर्डात माणसं यायची ती अस्वलाने फाडलेली. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं गळतात. ती ऊन चढायच्या आत वेचायची म्हणून गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटकडची माणसं अंधारातच झाडाखाली जातात. अस्वलही त्याच फुलांसाठी, त्याच वेळी येतं. त्याची नजर अधू, कान बेताचे. माणूस खाली वाकलेला, ते फुलं खाण्यात गुंतलेलं. दोघं एकमेकांना कळतात तेव्हा मध्ये काही हातांचंच अंतर असतं. आपलं अस्वल त्या सिनेमातल्या ग्रिझलीपेक्षा पुष्कळ लहान, पण नख्या बोटभर लांब आणि रोख सरळ डोक्यावर, चेहऱ्यावर. डोक्याची कातडी निघालेली, एक डोळा गेलेला, नाकाच्या जागी भोक, जबड्याचे तुकडे. वरून गमछा गच्च बांधलेला, त्यात हळद, पाला, माती आणि केस. आधी गावाजवळचा दवाखाना, मग जिल्ह्याचा, मग ॲम्ब्युलन्सने नागपूर. आमच्यापर्यंत यायला कधी कधी दुसरा दिवस उजाडायचा.

आमचं पहिलं काम धुणं. सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या, चिमट्याने एकेक काडी, एकेक केस वेचून काढायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजची लस. उशिरा आलेल्या जखमेत अळ्या असायच्या. त्यावर टर्पेंटाइनचा बोळा ठेवायचा, की त्या वर येतात, मग चिमट्याने काढायच्या. नवीन आलेल्या मुली इथे हमखास बाहेर पळायच्या. मग सर ऑपरेशनला घेणार, मांडीची कातडी काढून लावणार, एकदा, पुन्हा, पुन्हा. मांडीची जखमही दुखते हे नातेवाइकांना पटायचं नाही. "तिथं तं काहीच झालं नव्हतं, सिस्टर," म्हणायचे.

म्हणून तो अस्वलाचा प्रसंग मी डोळे बारीक करून पाहिला. ते अस्वल संगणकावर केलेलं आहे, चित्रीकरणाच्या वेळी निळा पोशाख घातलेला एक स्टंटमन अस्वल झाला होता, हे मागाहून वाचलं. पण ज्याने कोणी ते रचलं त्याने खऱ्या हल्ल्यांचा अभ्यास केला असणार. अस्वलीण ग्लासला फाडते आणि बाजूला होते. पिलांकडे जाते. परत येते, हुंगते, त्याच्या डोक्यावर पंजा ठेवून उभी राहते. तो बंदुकीकडे हात नेतो तेव्हा पुन्हा तुटून पडते. पार्श्वसंगीत नाही. नुसता तिचा श्वास. आमच्या पेशंटांनी बरे झाल्यावर हेच सांगितलेलं आहे: ते जायचं, आणि आपण हललो की परत यायचं. आणि वास. वास पडद्यावर आणता येत नाही, पण तिच्या तोंडाच्या वाफेने कॅमेऱ्याची काच धूसर होते तिथे मला तो आला.

इमॅन्युएल लुबेझ्की या छायाचित्रकाराने जवळजवळ सगळा सिनेमा सूर्याच्या आणि जाळाच्या उजेडात टिपला. दिवे नाहीत, त्यामुळे दिवसातले थोडेच तास हाताशी. बाकीचा वेळ तालमी. चित्रीकरण कॅनडात चाललं होतं, तिथला बर्फ वेळेआधी वितळला, म्हणून शेवटचा भाग टिपायला सगळं बिऱ्हाड अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला हलवावं लागलं. या हट्टाचं कौतुक सगळ्यांनी केलंय. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. हा माणूस रुंद भिंग घेऊन चेहऱ्याच्या इतक्या जवळ जातो की नाकपुडी, पापणी, ओठावरची भेग दिसते आणि मागचा अख्खा डोंगरही दिसतो. ड्रेसिंग करताना आपण जखमेच्या जितकं जवळ असतो तितकंच ते अंतर आहे. माझ्या ओळखीचं.

फिट्झजेराल्डकडे परत येते. तो राक्षस नाही, म्हणूनच त्याची भीती वाटते. त्याच्या डोक्यावर जुनी खूण आहे, कधीतरी त्याची कातडी सोलायचा प्रयत्न झालेला, त्या जागी केस नाहीत. तो मनुष्य भ्यालेला आहे. हा तर मरणारच, मग याच्यासाठी आपण का मरायचं, हा त्याचा हिशेब. हा हिशेब मी व्हरांड्यात पुष्कळ वेळा ऐकलाय, चांगल्या माणसांच्या तोंडून. शेत गहाण पडायला आलं, घरी म्हैस कोणाच्या भरवशावर, डॉक्टर तर नीट काही सांगत नाहीत. मग एका सकाळी बघावं तर पेशंटजवळ कोणी नाही, पलंगाखालची पिशवी गेलेली. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ कधी वळली नाही. पण त्यांनी पेशंटच्या तोंडावर हात ठेवला नव्हता. फिट्झजेराल्ड आणि त्यांच्यात फरक आहे तो एवढाच, आणि टॉम हार्डी तो फरक इतक्या हळूहळू ओलांडतो की नेमका कुठे ओलांडला ते सांगता येत नाही.

ब्रिजर मला जास्त छळतो. पोरगा आहे, विल पोल्टरने केलाय, चेहऱ्यावर अजून लहानपण. त्याला काहीतरी चुकतंय हे कळतं, पण थांबायची छाती होत नाही. जाताना तो आपली पाण्याची बाटली ग्लासजवळ ठेवून जातो. तिच्यावर त्याने एक चक्राकार नक्षी कोरलेली आहे. पुढे तीच बाटली हातोहात फिरत टोळीच्या किल्ल्यावर पोचते, कोणीतरी ती ओळखतं, आणि ग्लास जिवंत असावा याचा पत्ता तिच्यामुळे लागतो. पळून जाणाऱ्याने जाता जाता केलेलं ते एक काम.

ब्रिजर पाहताना मला आमचा एक पेशंट आठवत होता. गडचिरोलीकडचा, चाळिशीचा, मोहाखाली सापडलेला. खालचा जबडा आणि गाल गेला होता. ट्रॅकिओ, नाकातून पोटात नळी, तिच्यातून दूध आणि डाळीचं पाणी. त्याच्याजवळ त्याचा साळा बसायचा. हल्ल्याच्या वेळी हा साळा सोबत होता आणि झाडावर चढला होता, हे गावातल्या दुसऱ्या माणसाने आम्हाला हळूच सांगितलं. अस्वल गेल्यावर तो खाली उतरला, गमछा बांधला, खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. पण झाडावर चढला होता हे खरं. तो वॉर्डात कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. नळीतला कफ ओढून काढायला सक्शन मशीन लावलं की बाहेर जायचा नाही, उभा राहून बघायचा. सक्शनचा आवाज आणि त्या वेळी पेशंटला येणारी उबळ घरच्यांना बघवत नाही, बहुतेक जण निघून जातात. हा भिंतीला टेकून शेवटपर्यंत बघायचा.

जखम भरत आली तेव्हा त्या माणसाला आम्ही नळीवर बोट ठेवून बोलायला शिकवलं. बोट ठेवलं की हवा वर जाते, घोगरा का होईना, शब्द निघतो. त्याने पहिल्यांदा काय मागितलं असेल? साळ्यासाठी चहा. "याले चहा द्या जी, सकारपासून काही खाल्लं नाही यानं." पुढे कधीतरी मी त्याला विचारलं, अस्वलाचा राग येतो का हो? बोट ठेवून म्हणाला, "थ्याचा का दोष जी? आमी बी मोहासाठी गेलो, थो बी मोहासाठीच आला." साळ्याबद्दल मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

सिनेमातही ग्लासचा अस्वलावर राग नाही, हे मला फार बरोबर वाटलं. तो तिचंच कातडं पांघरून आख्खा हिवाळा काढतो. पाणी पितो तर ते मानेच्या भोकातून बाहेर येतं. मग तो बंदुकीची दारू त्या जखमेवर पसरून पेटवून देतो. इथे माझ्यातली सिस्टर उठून उभी राहिली. असलं डागणं काही आठवडे टिकणारं नाही, आणि त्या अंगाने बर्फाच्या नदीत वाहत जाऊन, कड्यावरून घोड्यासकट कोसळून माणूस चालत राहतो हे मला पटलेलं नाही. दोन-तीन आपत्त्या कमी केल्या असत्या तरी चाललं असतं. आणि मेलेल्या बायकोची ती हवेत तरंगणारी स्वप्नं! ग्लासच्या डोळ्यांत डिकॅप्रिओने जे आणलं आहे त्यात ती बायको आहेच. वेगळी दाखवायची गरज नव्हती.

संगीत मात्र अगदी जपून वापरलंय. ते करणाऱ्यांत र्यूइची साकामोटो हे जपानी संगीतकार होते. २०१४ मध्ये त्यांना घशाचा कर्करोग निघाला, त्यांनी काम थांबवलं, आणि उपचारांनंतर परतले ते या सिनेमासाठी. लांब ओढलेले स्वर, मध्येच शांतता, पुन्हा स्वर. हे वाचल्यावर मी त्या जागा पुन्हा लावून ऐकल्या. घसा गेलेल्या माणसाच्या गोष्टीला घशाच्या आजारातून उठलेल्या माणसाने आवाज दिला, हे कळल्यावर त्या जागा वेगळ्याच ऐकू आल्या.

आणि हिकुक. सगळ्या सिनेमातला माझा माणूस हा. पॉनी जमातीचा, एकटा, घरची सगळी माणसं सू जमातीच्या लोकांनी मारलेली. लांडग्यांनी पाडलेल्या रानबैलाजवळ ग्लास त्याला भेटतो, गुडघ्यावर येऊन काहीतरी खायला मागतो. हिकुक त्याच्यापुढे काळजाचा तुकडा फेकतो. मग जखमा पाहतो आणि सरळ सांगतो, तुझं अंग सडतंय, तू मरशील. वादळ येतं. ग्लास तापाने फणफणलेला, बेशुद्ध. हा फांद्या तोडून त्याच्याभोवती झोपडी उभारतो, आत गरम धग करतो, जखमांना पाला लावतो, वरून सगळं झाकतो. त्याला कोणी पैसे कबूल केलेले नाहीत. ग्लास त्याचा कोणी नाही. दोघं एकदा पडणारा बर्फ जिभेवर झेलत बसतात आणि हसतात, सबंध सिनेमात ग्लास हसतो तो तिथेच असावा. सूड घेणं आपल्या हातात नाही, ते निर्मात्याच्या हातात, हेही हिकुकच म्हणतो. सकाळी ग्लास झोपडीतून बाहेर येतो तेव्हा हिकुक गेलेला असतो. फ्रेंच शिकाऱ्यांनी त्याला झाडाला टांगलंय, गळ्यात पाटी.

त्यानंतरचा पाठलाग उत्तम घेतलाय. हेन्रीचं प्रेत घोड्यावर ताठ बसवून ग्लास स्वतः दुसऱ्या घोड्यावर मढं होऊन पडतो, ती युक्ती पाहून भाचा ओरडलाच. पण मला त्यात फारसा रस उरला नव्हता. नदीकाठच्या शेवटच्या मारामारीत फिट्झजेराल्ड विचारतो, एवढं सगळं सूडासाठी केलंस, त्याने तुझा पोरगा परत येणार आहे का? ग्लासला तेव्हा हिकुकचं बोलणं आठवतं आणि तो त्याला पाण्यात ढकलून देतो, पलीकडच्या अरिकारांच्या हातात. हे काही सूड सोडणं नव्हे. मारणारा हात फक्त बदलला. पण हिकुकचं वाक्य त्याच्या डोक्यात शिल्लक राहिलं, हे मला पुरलं.

सिनेमा संपल्यावर मी खऱ्या ह्यू ग्लासबद्दल वाचायला लागले. मायकेल पंक यांची २००२ ची कादंबरी आणि हा सिनेमा, दोन्ही खऱ्या घटनेवरून. अस्वलाचा हल्ला खरा, टाकून जाणं खरं, तीनशेहून जास्त किलोमीटर सरपटत, लंगडत फोर्ट कायोवा गाठणं खरं. म्हणजे नागपूरहून निघून अकोल्याच्याही पुढे. पण त्याला पोरगा असल्याची, तो मारला गेल्याची नोंद नाही. आणि सूडही झाला नाही. ब्रिजर त्याला सापडला तेव्हा कोवळं वय बघून ग्लासने त्याला सोडून दिलं. फिट्झजेराल्ड तोवर अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला होता, सैनिकाला मारलं तर फाशी, म्हणून ग्लास आपली बंदूक तेवढी परत घेऊन निघाला. १८३३ मध्ये यलोस्टोन नदीवर अरिकारांच्या हातून तो मेला.

या वाचनात मला एक पत्र सापडलं. ग्लासचं म्हणून जपलेलं हे एकच पत्र. २ जून १८२३ च्या अरिकारांच्या हल्ल्यात जॉन गार्डनर नावाचा त्याचा तरुण सोबती गोळी लागून मेला, आणि ग्लासने त्याच्या वडिलांना कळवलं. तुमचा मुलगा गोळी लागल्यावर थोडा वेळ जिवंत होता, आणि तुम्हाला हे कळवायला त्याने मला सांगितलं, असं त्यात आहे. अस्वलाने ग्लासला फाडलं ते त्यानंतर, ऑगस्टच्या सुमाराला. म्हणजे स्वतः टाकला जायच्या थोडेच आधी हा माणूस दुसऱ्या मरणाऱ्याजवळ थांबला होता, त्याचं ऐकलं होतं, आणि सांगितलेलं काम करून मोकळा झाला होता. हे पत्र सिनेमात नाही. इन्यारितूने तरंगणाऱ्या बायकोची स्वप्नं काढून तिथे हा गार्डनर ठेवला असता, गोळ्या चालू असताना त्याच्या तोंडाशी कान नेलेला ग्लास दाखवला असता, तर फिट्झजेराल्डचा गुन्हा काय होता हे सांगायला पोरगा मारावा लागला नसता.